मागे जोडलेली गाडी

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या दिवशी मंडळात पाककृतींची स्पर्धा होते, हळदीकुंकू होते, आणि भाषणाचा विषय बहुधा आहार, बालसंगोपन किंवा काटकसर असा असतो. मी माझा विषय कळवला तेव्हा चिटणीसबाई जरा थबकल्या. "अहो, गाडीच्या मागे गाडी जोडून न्यायची हा ड्रायव्हर लोकांचा विषय. आपल्या बायकांना त्यात काय?" असे त्यांनी प्रांजळपणे विचारले. त्यांचा प्रश्न रास्तच होता. त्याला माझे उत्तर असे की, गाडी पुरुष चालवतो हे आपल्याकडे अजून पुष्कळ घरांत खरे असले, तरी गाडी भरते कोण? पिंप कुठे, धान्याचे पोते कुठे, गाद्या कुठे आणि पोर कुठे बसवायचे हे ठरवते कोण? ते आपणच ठरवतो. आणि मागे जोडलेली गाडी रस्त्यावर सरळ चालणार की शेपटीसारखी हलणार, हे निम्म्याहून अधिक भरण्यावर ठरते. तेव्हा हा विषय आपलाच आहे.

प्रथम कोणत्या गाडीबद्दल बोलायचे ते सांगते. एका गाडीने दुसरी ओढत नेणे ह्याला आपल्याकडचे गॅरेजवाले 'टोचन' म्हणतात. टोचन म्हटले की बंद पडलेली मोटार डोळ्यांपुढे येते. पण तो नाइलाजाचा प्रवास झाला. मी बोलणार आहे ती गाडी मुद्दाम ओढण्यासाठीच केलेली असते. तिला स्वतःचे इंजिन नसते. पुढच्या गाडीच्या हुकाला ती अडकवायची आणि चालायचे. आपल्या आयुष्यात ती तीन रूपांनी येते. गणपतीची ट्रॉली हे एक. ट्रॅक्टरची ट्रॉली हे दुसरे. तीत ऊस असतो, वऱ्हाड असते, जत्रेला निघालेले अख्खे गाव असते. तिसरे रूप नवे आहे, ते म्हणजे चाकांवरचे घर, कॅराव्हॅन. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांतही दिसू लागला. काही कॅराव्हॅनना स्वतःचे इंजिन असते, त्या आपल्या बसगाडीच्या बहिणी समजा. काही मात्र मोटारीच्या मागे जोडून न्यायच्या असतात, आणि खरी परीक्षा तिथे आहे.

ही हौस इंग्रजांची. १८८५ साली डॉ. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या गृहस्थाने 'वाँडरर' नावाची दोन घोड्यांची एक ऐसपैस घरगाडी करवून घेतली आणि तीत बसून तो इंग्लंडातून पार वर स्कॉटलंडात गेला. केवळ हौसेसाठी केलेला असा हा पहिलाच प्रवास मानतात. त्यातली मौज अशी की, गाडी अवजड आणि रस्ते अरुंद म्हणून त्याचा एक नोकर तीन चाकी सायकलीवरून पुढे जायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना सावध करायचा. म्हणजे ह्या प्रवासात सावधपणासाठी एक माणूस वेगळा ठेवावा लागतो हे तेव्हाही कळले होते. आपल्याकडे मात्र घर घेऊन हिंडणे ही हौस कधीच नव्हती. लमाणांचे तांडे मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवर लादून मुलुख पालथा घालत, ते पोटासाठी. आजही आपल्या राज्यात दरवर्षी लाखो माणसे घर गाडीत घालून निघतात, तीही पोटासाठीच. त्यांच्याकडे मी शेवटी येणार आहे.

आता मुख्य गोष्ट. माझे माहेर सांगलीकडचे, शेतकऱ्याचे. तिकडे एक शब्द लहान मुलालाही ठाऊक असतो, तो म्हणजे 'उलाळ'. बैलगाडीत ओझे आखाच्या फार मागे पडले की गाडी उलाळ होते. पुढचे जू वर उचलते, बैलाच्या गळ्याखालचा पट्टा आवळला जातो, आणि बैल बिचारा घुसमटतो. ओझे फार पुढे घातले तर उलटा प्रकार होतो; सारा भार बैलांच्या मानेवर येतो आणि माना सुजतात. म्हणून जाणता गाडीवान गाडी भरून झाली की जू हाताने उचलून पाहतो. ते थोडेसे जड लागले पाहिजे, अगदी हलके नको आणि न उचलण्याइतके जडही नको. चढ आला की तो स्वतः सरकून पुढे धुरेवर बसतो आणि उताराला मागे सरकतो. कोणत्या शाळेत तो हे शिकत नाही, पण गाडीचा तोल म्हणजे काय ते त्याला पुरते कळलेले असते.

इथे गोराईत ज्यांचा जन्म गेला त्यांना बैलगाडी नसली तरी होडी माहीत आहे. खाडी ओलांडताना सगळ्याजणी टोपल्या घेऊन एका टोकाला बसल्या तर नाखवा ओरडतो. तो उगाच ओरडत नाही. भार कुठे आहे ह्यावर होडीचे वळणे-सरळ राहणे अवलंबून असते, हे त्याला पाण्याने शिकवलेले असते. रस्त्यावरही तोच न्याय लागू पडतो.

मोटारीमागे कॅराव्हॅन जोडणारे पाश्चात्त्य लोक हेच जू उचलून पाहणे वजनकाट्यावर करतात. गाडीचे नाक हुकावर किती भाराने टेकते ते मोजायचे. युरोपात हा भार साधारणपणे मागच्या गाडीच्या एकूण वजनाच्या शेकडा पाच ते सात ठेवतात, अमेरिकेत शेकडा दहा ते पंधरा. म्हणजे हजार किलोची गाडी असेल तर युरोपच्या हिशेबाने हुकावर पन्नास ते सत्तर किलो. ह्या भाराला मोटारीच्या आणि हुकाच्या कारखानदाराने घातलेली मर्यादा असते, ती ओलांडायची नाही. आकडे देशोदेशी वेगळे आहेत, कारण गाड्यांची घडण आणि वेग वेगळे आहेत. पण हुकावर भार शून्य किंवा उणा असावा, म्हणजे गाडी उलाळ असावी, असे जगात कोणीही म्हणत नाही.

असे का, हे एका साध्या प्रात्यक्षिकाने दाखवतात. फिरत्या पट्ट्यावर एक खेळण्यातली मोटार आणि तिच्यामागे चिमुकली गाडी ठेवतात. मागच्या गाडीतले वजन पुढच्या बाजूला ठेवून तिला बोटाने टिचकी मारली, तर ती एकदोन हेलकावे खाते आणि सरळ होते. तेच वजन मागे सरकवून तशीच टिचकी मारली की हेलकावा कमी व्हायच्या ऐवजी वाढत जातो, आणि शेवटी मागची गाडी पुढच्या मोटारीलाही फिरवून पाडते. वजन तेवढेच असते. फक्त त्याची जागा हातभर बदललेली असते. हे पाहिल्यावर भरण्याच्या कामाला कोणी दुय्यम म्हणणार नाही.

तेव्हा पुढेमागे कोणाच्या मुलाने किंवा जावयाने अशी गाडी आणली तर भरताना काय पाहायचे? पाण्याची भांडी, डबाबंद अन्न, हत्यारे, बॅटरी असले जड सामान आखाच्या वर, किंचित पुढे, आणि तेही तळाशी. गाद्या, कपडे, उशा अशा हलक्या वस्तू दोन्ही टोकांना आणि वरच्या फळ्यांवर. जड वस्तू अगदी शेवटच्या कपाटात घालायचा मोह फार होतो, कारण दार उघडले की ते कपाट हाताशी असते. तो मोह आवरायचा. पाण्याची टाकी पूर्ण भरलेली तरी असावी किंवा पूर्ण रिकामी. अर्ध्या टाकीतले पाणी वळणावर एका बाजूला धावते. चालत्या गाडीत गॅसची शेगडी बंद आणि सिलिंडरची कळही बंद. कपाटांना कड्या असतात त्या लावायच्या. आणि एवढे सगळे करून गाडीचे वजन किती झाले ते पाहायचे. ब्रिटनमध्ये नवशिक्याला असा सल्ला देतात की, मागची गाडी ओढणाऱ्या मोटारीच्या रिकाम्या वजनाच्या शेकडा पंच्याऐंशीहून जड नसावी. मागचा जीव पुढच्यापेक्षा जड झाला की कोण कोणाला नेतो आहे हे सांगता येत नाही. संसारात ते चालते, रस्त्यावर नाही.

भरणे नीट झाले तरी हेलकावा येऊच शकतो. मोठा ट्रक शेजारून गेला की आधी वाऱ्याचा धक्का बसतो आणि मग ओढ लागते. आपल्याकडून गुजरातच्या रस्त्याला लागले की वसईच्या खाडीवर वर्सोव्याचा पूल आहे. अशा उघड्या पुलांवर आडवा वारा असतो. मागची गाडी डुलू लागली तर चालवणाऱ्याने काय करावे? वेग वाढवून ती सरळ होईल हा समज घातक आहे. कचकन ब्रेक दाबणेही तितकेच वाईट, कारण पुढची गाडी थांबते आणि मागची तिच्यावर चालून येते. हेलकाव्याच्या उलट चाक फिरवू गेले तर तो आणखी वाढतो. पाय गतीच्या पेडलवरून अलगद काढावा, चाक घट्ट पण सरळ धरावे, आणि वेग आपोआप उतरू द्यावा. शेजारी बसलेल्या बाईचे काम त्या वेळी एकच, गप्प बसणे. "अहो ब्रेक मारा, ब्रेक मारा" असे ओरडणे सर्वांत वाईट. गाडी सरळ झाल्यावर मात्र पुढच्या सोयीच्या जागी थांबवायला लावावे, आणि उतरून सामान पुन्हा मांडावे. एकदा डुललेली गाडी भरणे न बदलता पुन्हा तशीच हाकणे म्हणजे दुधाचे पातेले उतू गेल्यावर आच तशीच ठेवण्यासारखे आहे.

वेगाबद्दल एवढेच सांगते. ब्रिटनमध्ये रस्ते आपल्याहून चांगले असूनही मागे गाडी जोडलेल्या मोटारीला साध्या दुपदरी रस्त्यावर ताशी ५० मैल आणि मोटारवेवर ६० मैलांची मर्यादा आहे, एकट्या मोटारीपेक्षा दहा मैल कमी. आपण त्याहूनही कमीच राहावे.

वळणाची गोष्ट बायकांनी विशेष ध्यानात ठेवावी, कारण रस्त्याच्या कडेला उभ्या आपण असतो. मागची गाडी पुढच्या गाडीच्या चाकोरीतून जात नाही. ती कोपरा कापत, आतल्या अंगाने जाते. उत्तनकडून येणारा रस्ता किंवा आपल्या गावातल्या गल्ल्या पाहा. पुढचा ट्रॅक्टर वळून गेला म्हणजे संपले असे वाटून मूल एक पाऊल पुढे टाकते, आणि मागून ट्रॉलीचे चाक आत येते. मुलांना हे शिकवा. जोडगाडी वळत असेल तेव्हा कोपऱ्याच्या आतल्या बाजूला उभे राहायचे नाही. तसेच मागे घेताना ही गाडी उलटी वागते. तिचे शेपूट डावीकडे जायला हवे असेल तर चाक उजवीकडे फिरवावे लागते. म्हणून नवशिक्याचा अंदाज हमखास चुकतो. खुणा करायला उतरलेल्या माणसाने चालकाच्या आरशात दिसेल असे बाजूला उभे राहावे, गाडीच्या थेट मागे कधीही नाही. आरशात दिसणारे माणूस नाहीसे झाले की चालकाने थांबायचे, असे आधीच ठरवून घ्यावे.

आता जोडाकडे येऊ. दोन गाड्यांमध्ये असते एक लोखंडी पिन, आणि त्या पिनेतून ती वर उचलू नये म्हणून घातलेली एक खिटी. सारा भरवसा ह्या बोटभर खिटीवर. ती दहावीस रुपयांची वस्तू हरवली की आमच्याकडे तिच्या जागी काय काय घालतात म्हणून सांगू! खिळा, सायकलचा आरा, वाकवलेली तार, एकदा तर मी स्क्रूड्रायव्हर घातलेला पाहिला आहे. माझ्या चुलत्याच्या शेजारच्या ट्रॉलीची पिन अशाच एका तारेमुळे चढावर निसटली. मागे भुसा होता आणि रस्ता मोकळा होता म्हणून ट्रॉली उलटी घरंगळत जाऊन बांधाला अडकली. त्याच ट्रॉलीत आदल्या रविवारी जत्रेची माणसे होती. म्हणून पिनेखेरीज एक साखळीही असावी, ट्रॅक्टरला आणि ट्रॉलीला दोन्हीकडे पक्की केलेली, वळताना ताणली जाणार नाही इतकी सैल आणि जमिनीला घासणार नाही इतकी आखूड. कॅराव्हॅनला आणखी एक बारीक तार असते. जोड तुटलाच तर ती ताणली जाऊन मागच्या गाडीचे ब्रेक आपोआप लागतात. निघण्यापूर्वी जोड, साखळी, दिव्यांची वायर आणि चारी बाजूंचे टायर हे एकदा फिरून पाहायचे. टायरच्या रेघा शाबूत आहेत एवढ्यावर समाधान मानू नये. वर्षभर एका जागी उभ्या राहिलेल्या गाडीचा टायर नवा दिसतो, पण बाजूने त्याला भेगा गेलेल्या असतात.

गणपतीच्या ट्रॉलीबद्दल आपल्याला सर्वांत जास्त ठाऊक आहे, कारण बोरिवलीकडचे गणपती विसर्जनाला गोराईच्या जेट्टीवर येतात. ही ट्रॉली सावकाश चालते म्हणून धोका नाही असे वाटते. पण तिचे दुखणे वेगळे आहे. मूर्ती उंच, भार सगळा वर, खाली पाया अरुंद. खड्ड्यात एक चाक गेले की वरचा मुकुट हातभर झुकतो. त्यात ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्या मधल्या दांडीवर चारदोन मुले हौसेने उभी असतात, कोणी दोरावरून उड्या मारत असते. त्या मधल्या जागेत कोणी असता कामा नये, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ होईल. पाण्याकडे उतार असतो तिथे मागे दोन माणसे लाकडी उटी घेऊन चालली पाहिजेत. ट्रॉली थांबली की चाकाखाली उटी लागली पाहिजे, ब्रेकवर विसंबून नव्हे. उटी घालायची ती बाजूने, लांब दांड्याने. वाकून चाकासमोर हात घालून नाही. आरतीचे ताट धरून आपण बहुधा ट्रॉलीच्या अगदी पुढे उभ्या असतो. उतारावर ती जागा सोडावी आणि बाजूला व्हावे.

आणि आता ज्यांच्यासाठी मी हा विषय घेतला त्यांच्याबद्दल.

दसरा झाला की बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि चारसहा महिन्यांचा संसार ट्रॉलीत भरलेला असतो. ज्वारीची पोती, पाण्याचे पिंप, चुलीची लाकडे, कोपीचे बांबू, शेळी, कोंबड्या, आणि त्या सगळ्याच्या वर पोरेबाळे घेऊन बसलेली बाई. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला त्या काळात ऊस बैलगाडीने यायचा. बैलगाड्या आजही आहेत, पण पुष्कळसे काम ट्रॅक्टरकडे गेले. एका ट्रॅक्टरला मागे दोन-दोन ट्रॉल्या जोडतात. ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन दोन-अडीच टन. मागे ऊस पंधरा-वीस टन, कधी त्याहूनही जास्त. मघाशी मी इंग्रजांचा शेकडा पंच्याऐंशीचा हिशेब सांगितला, तो आठवून पाहा! सावकाश चालणाऱ्या ट्रॅक्टरला मोटारीचा नियम जसाच्या तसा लागत नाही हे खरे. पण ब्रिटनमध्ये साडेसातशे किलोच्या वरच्या जोडगाडीला स्वतःचे ब्रेक असलेच पाहिजेत असा कायदा आहे, आणि आपल्याकडे टनावारी ऊस वाहणाऱ्या कितीतरी ट्रॉल्यांना ब्रेक नावाची वस्तूच नसते. थांबवायचे सगळे काम पुढच्या ट्रॅक्टरच्या दोन चाकांनी करायचे. तो थांबू लागला की मागच्या दोन ट्रॉल्या त्याला ढकलतात, आणि तो जरा तिरका असला की कात्री मिटावी तसे सगळे एकमेकांत मिटते.

ह्यात उलाळीची गोष्ट पुन्हा येते. दोन चाकी ट्रॉलीत ऊस पुढे फार रचला तर हुकावर इतका भार येतो की चढावर ट्रॅक्टरचे तोंड वर उचलते. पुढची चाके जमिनीला लागत नाहीत, मग चाक फिरवून काय उपयोग? ते उचलू नये म्हणून पुढे दगड बांधलेले किंवा माणसे बसवलेली आपल्यापैकी काहीजणींनी पाहिली असतील. ऊस मागे फार लोंबवला तर ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांवरचा दाब कमी होतो आणि ती घसरतात. दोन ट्रॉल्यांत शेवटची सर्वांत अधिक झोके खाते, साखळी करून पळणाऱ्या मुलांत शेवटचा पोर फेकला जातो तशी. आणि संसार घेऊन निघालेली टोळी पुष्कळदा ह्या शेवटच्या ट्रॉलीत बसलेली असते.

ट्रॉलीची नोंद मालासाठी असते, माणसांसाठी नाही. हे कायद्याने स्पष्ट आहे. ब्रिटनमध्ये मोटारीमागे धावणाऱ्या कॅराव्हॅनमध्ये, भिंती-छप्पर-गादी सगळे असूनही, कोणी बसायचे नाही असा दंडक आहे. आणि आपली बहीण बिनब्रेकच्या, बिनछपराच्या ट्रॉलीत पोत्यांच्या राशीवर तान्हे मूल घेऊन रात्रभर प्रवास करते. माझ्या मते तिच्या प्रवासाला बस देणे हे कारखान्याचे आणि मुकादमाचे काम आहे, त्यासाठी तिच्या मजुरीतून कपात होता कामा नये. शासनाने २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना केली. मूल गावी शिकायला राहिले तर ते ट्रॉलीवरही चढत नाही, हा त्या योजनेचा एक न बोललेला फायदा मला दिसतो.

परंतु बस मिळेपर्यंत काय? टोळीतल्या बायकांशी मी सुट्टीत माहेरी गेले की बोलते. त्यांना मी सांगते ते असे. पोती आणि पिंप तळाशी, चाकांच्या वर, किंचित पुढे. पिंप रिकामे न्यावे, पाणी वाटेत मिळते. शेळी बांधून ठेवावी, कारण ती एका बाजूला गेली की तिच्यामागे पोरेही जातात. दांडीवर आणि ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर कोणालाही बसू देऊ नये, मग तो धनी असो की दीर. घाटाच्या तोंडाशी उतरावे आणि उतार चालत जावे. एक तास उशीर झाला तर ऊस कुठे पळून जात नाही. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात, शेतात वळायला ते बरे पडते. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडल एका पट्टीने जोडून घ्यायची असतात, नाहीतर घाईत एकच दाबले जाते आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. ती पट्टी लावली का, हे विचारायला बाईला ट्रॅक्टर चालवता यावा लागत नाही. आणि उतारावर डिझेल वाचवण्यासाठी गिअर काढून गाडी मोकळी सोडणारा चालक असेल तर त्याच्याशी भांडावे. ज्या गिअरमध्ये चढ चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचे असते.

हे ऐकून एकजण मला म्हणाली, "ताई, आम्ही सांगितलेलं तो ऐकतोय व्हय? त्याच्या टेपचा आवाज एवढा की मागून कोण मेलं तरी कळायचं नाही." खरे आहे ते. ट्रॅक्टरवर लावलेल्या त्या भोंग्यांपायी मागच्या वाहनाचा हॉर्न ऐकू जात नाही, ट्रॉलीतल्या बायकांची हाक ऐकू जात नाही. त्या बाईने पुढे स्वतःच उपाय सांगितला. ट्रॉलीतून चालकापर्यंत एक दोरी, तिचे टोक त्याच्या दंडाला सैल गाठीने बांधलेले. ओढली की थांबायचे. मला तो उपाय फार आवडला, पण दोरी दंडाला न बांधता घंटेला बांधावी असे मी सुचवले. भलत्या वेळी हिसका बसला तर चाकावरचा हात जायचा.

रात्रीची गोष्ट राहिली. उसाच्या ट्रॉल्या ताशी वीस-पंचवीस किलोमीटरने चालतात आणि मागून मोटार येते ती ऐंशीने. ट्रॉलीच्या मागे लाल काच किंवा दिवा असला तरी लोंबणाऱ्या उसाच्या वाढ्यांनी तो झाकून जातो. काळोखात मोटारवाल्याला समोर काहीच दिसत नाही, आणि दिसते तेव्हा अंतर उरलेले नसते. बंद पडलेली ट्रॉली रस्त्यातच उभी करून मागे दोन दगड ठेवतात, ते तर आणखी वाईट. काम झाल्यावर दगड तिथेच राहतात. गाळप हंगामाच्या आरंभी परिवहन खात्याचे लोक आणि कारखाने ट्रॉल्यांना चकाकणाऱ्या पट्ट्या लावतात. काही ठिकाणी कापडावर अशा पट्ट्या शिवून ते कापड उसाच्या मोळ्यांवर मागून टांगतात, म्हणजे वाढ्यांनी झाकायचा प्रश्नच राहत नाही. ही रीत मला सर्वांत उपयोगी वाटते.

आणि म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. आपल्या शिवणवर्गात पाच यंत्रे आहेत. जाड लाल कापडाचे साधारण पाच फूट रुंद आणि दोन फूट उंच असे पडदे शिवायचे. त्यावर चकाकणारी पट्टी दोन ओळींत, कडेपासून चार बोटे आत. चारी कोपऱ्यांना पितळी कड्या, आणि त्यांतून नाडी. पट्टी शिवता येईल अशा कापडी प्रकारची मिळते, तीच घ्यावी. चिकटवायची पट्टी धुळीने आणि दवाने सुटते. टाका पट्टीच्या अगदी काठाला घालावा, मधोमध सुई गेली की ती चमक तेवढी कमी होते. एका पडद्याला एका बाईचे अर्ध्या दुपारचे काम आहे. गोराईत आणि बोरिवलीत सांगली-साताऱ्याकडची, कोल्हापूरची पुष्कळ कुटुंबे आहेत. दिवाळीला गावी जाताना प्रत्येकीने दोन-दोन पडदे पिशवीत नेले आणि वाटेत उभ्या असलेल्या टोळीतल्या बाईच्या हातात दिले, तर हंगाम सुरू होताना ते ट्रॉलीवर चढतील. चालकाच्या हातात देऊ नका, तो ते सीटखाली टाकील. बाई बांधील, कारण त्या ट्रॉलीत ती बसलेली असते.

पहिल्या दहा पडद्यांचे कापड मी आणले आहे. ते चिटणीसबाईंकडे ठेवले आहे.